महूच्या बंगल्यातली १९६६ ची एमजीबी: घेऊ का? जाणकारांनी सांगावं

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी,

पंधरा दिवस मनात घोळतंय, म्हणून शेवटी धागा काढतोय.

महूला एका जुन्या बंगल्याच्या मागच्या पडवीत एमजीबी ही विलायती स्पोर्ट्‌स कार उभी आहे. १९६६ ची, दोन सीटची, कापडी टपाची, गडद हिरवी, तारांची चाकं. मालक फौजेतून निवृत्त झालेले होते, आता नाहीत. त्यांची मुलगी बंगला आवरायला आली आहे आणि गाडी भंगारात न घालता जपणाऱ्याला द्यायची असं तिने ठरवलंय. बाबा महूला एमईएसमध्ये (लष्कराच्या बांधकाम खात्यात) नोकरीला असताना आम्ही रविवारी सायकलवरून त्या फाटकासमोरून जायचो. मी पुढच्या दांडीवर. गाडी बाहेर धुवायला काढलेली असली की बाबा सायकल थांबवायचे आणि आम्ही दोघं पाच मिनिटं नुसतं बघायचो. त्या ताईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग आधी तुम्हीच बघा."

अकरा वर्षं गाडी सुरू झालेली नाही. मागची चाकं जाम आहेत. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास नाही, जुन्या वार्निशसारखा आंबूस वास येतो. वरून मात्र रंग छान दिसतो.

मी पगारदार माणूस. मारुतीपलीकडे कशाला हात लावलेला नाही. बघायला जाताना काय बघू, इंदुरात हिला हात लावणारं कोण मिळेल, कागदपत्रांचं काय आणि हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल हिला चालेल का, एवढं सांगा. किंमत इथे लिहीत नाही, ताईंनी तशी विनंती केली आहे.

जुना हेराल्ड (बडोदा)

रामबागकर, सगळ्यात आधी एक ऐका. इंजिन बघू नका, पत्रा बघा. "इंजिन एका सेल्फमध्ये लागेल" असं कोणी म्हणालं तरी बॉनेट उघडायच्या आधी जमिनीवर आडवे व्हा.

कारण सांगतो. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. त्यात टप कापडी, म्हणजे वरून धरून ठेवायला काही नाही. सगळा भार दाराखालच्या दोन पेट्यांवर, ज्यांना सिल म्हणतात. ही पेटी एका पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खाली किल्ल्याच्या कंगोऱ्यासारखी घडी घातलेली पट्टी, तिला कॅसल रेल म्हणतात. पाणी आत शिरतं, चिखल साचतो आणि पेटी आतून खात जाते. बाहेरून मात्र चकचकीत.

बरोबर तीन गोष्टी न्या: फ्रीजवरचं साधं लोहचुंबक, पातळ फडकं आणि जुना स्क्रू ड्रायव्हर. चुंबक फडक्यात गुंडाळून दाराखालून, चाकाच्या कमानीवरून, दाराच्या तळाशी फिरवा. जिथे पकड सुटेल तिथे लोखंड नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग खाली झोपून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कॅसल रेल दाबून बघा. मालकाला आधी विचारा, नाहीतर वाईट वाटतं.

आणि शेवटची परीक्षा. दाराची मागची फट नीट बघून ठेवा. मग जॅक लावून ती बाजू उचला आणि दार उघडून बघा. उचलल्यावर फट वरच्या बाजूला मिटत असेल किंवा दार घासत असेल, तर गाडी मध्ये वाकते आहे. तेव्हा निम्मी किंमत सांगितली तरी विचार करून घ्या.

माझ्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड आहे, तिचा पत्रा मी दोनदा केला. तिला निदान वेगळी चासी आहे. एमजीबीला ती सोय नाही.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

काकांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. इंजिनाबद्दल मात्र रामबागकरांना धीर देतो.

एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन हे बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं, आणि एमजीबीच्या आधीची एमजीए १९५५ मध्ये आली तीही १४८९ सीसीचीच. स्ट्रोक दोन्हीकडे ८८.९ मिमी, एमजीबीचं सिलिंडर तेवढं रुंद. म्हणून पिस्टन किंवा क्रँक आणून बसवता येईल असं समजू नका. पण टॅपेट कुठे, पुशरॉड कसे निघतात, वॉटर पंप कुठून गळतो, हे ज्याने आयुष्यभर अ‍ॅम्बेसेडर उघडल्या त्याच्या हाताला पाठ असतं. इंदुरात जुन्या टॅक्सी स्टँडच्या आसपास असा एखादा मिस्त्री अजून असणारच. त्याला "विलायती स्पोर्ट्‌स कार" म्हणू नका, घाबरून नाही म्हणेल. "अ‍ॅम्बेसेडरचीच मोठी बहीण आहे, दोन कार्ब्युरेटरवाली" असं सांगा, लगेच येईल.

घाई मात्र करा. अ‍ॅम्बेसेडर २०१४ ला बंद झाली, आणि हे हात आता सत्तरीला आले आहेत.

बॉनेट उघडल्यावर इंजिनावर रिव्हेट केलेली छोटी पट्टी असते. १९६६ च्या गाडीला नंबर १८जीबी ने सुरू झाला पाहिजे, म्हणजे पाच बेअरिंगचा क्रँक. ते १९६४ च्या शेवटापासून आलं आणि आधीच्या तीन बेअरिंगवाल्यापेक्षा पुष्कळ दणकट. आपल्याकडे पूर्वी अडचणीला अ‍ॅम्बेसेडरचंच इंजिन टाकून दिलेल्या एमजी बऱ्याच आहेत, तेव्हा पट्टी वाचल्याशिवाय निघू नका. चासी नंबर जीएचएन३ ने सुरू होतो: जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा गट, एन म्हणजे दोन सीटची उघडी. पुढे एल असेल तर डाव्या हाताचं स्टिअरिंग.

अजून एक. इंजिन तिथेच सुरू करायचा आग्रह कोणी धरला तर धरू देऊ नका. अकरा वर्षांनी आधी प्लग काढायचे, प्रत्येक भोकात चमचाभर तेल, एक रात्र थांबायचं, मग हाताने फिरवायचं. थेट सेल्फ मारला तर कोरड्या रिंगा सिलिंडर ओरबाडतात.

चिमणबाग (इंदूर)

मी आरटीओची कामं करते, म्हणून फक्त कागदांचं सांगते. बाकीच्यांचं वाचून शिकते आहे.

मूळ मालक गेलेले आहेत, म्हणजे गाडी तुमच्या नावावर थेट होणार नाही. आधी वारसाच्या नावावर, त्याचा फॉर्म ३१. बाकीचे वारस असतील तर त्यांची लेखी संमती. मग ताईंकडून तुमच्याकडे, फॉर्म २९ आणि ३०. ताईंना आत्ताच सांगा. बंगला विकून त्या परत गेल्या की एका सहीसाठी वर्ष जातं.

दुसरं, केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाचे ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' येतं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीचा जुना नंबर राहू शकतो. पण या नोंदणीवर रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. रविवारी सहज पाताळपाणीला जायचं असेल तर जुनी साधी नोंदणी जिवंत ठेवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा, हे माझं मत. आरसीवरचा इंजिन नंबर आणि लष्करवाले म्हणतात ती पट्टी, अक्षर अन् अक्षर जुळवून बघा.

नवखा चालक (इंदूर)

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: एमजीबीऐवजी ट्रायम्फ स्पिटफायर मिळाली तर? दिसायला फार सुंदर असते.

जुना हेराल्ड (बडोदा)

सुंदर असतेच. आणि तिच्या अंगात आमच्या हेराल्डचंच रक्त आहे. चासीची कल्पना, पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, सगळं हेराल्डवरून घेतलेलं. १९६२ ला आली, १९८० पर्यंत बनली. वेगळी चासी असल्याने पत्र्याचं काम सोपं.

पण तुझ्या हाती लागली तर एक लक्षात ठेव. पुढच्या चाकाच्या खालच्या सांध्याला ट्रनियन म्हणतात. पितळी असतो, त्यात आट्या असतात आणि चाक वळतं तेव्हा तो आट्यांवर फिरतो. त्यात ग्रीस भरायचं नाही. गिअर ऑइल भरायचं, ९० नंबरचं. ग्रीस आट्यांत पोचत नाही, आत पाणी राहतं, उभा दांडा गंजतो आणि एक दिवस मोडतो. चाक आडवं पडतं. माझं आजवा रोडवर पडलं होतं. वेग कमी होता म्हणून आज लिहितोय. आधीच्या गॅरेजने वर्षानुवर्षं प्रेमाने ग्रीस भरलं होतं.

एमजीबीला मात्र त्या जागी किंगपिन, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं ते उभे दांडे, आहेत, त्यांना ग्रीसच. दर पाच हजार किलोमीटरच्या आत, पुढची चाकं उचलून, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. उचलल्याशिवाय ते सगळीकडे जात नाही.

रामबागकर (इंदूर)

काल जाऊन आलो. सगळं लिहितो.

चुंबक डाव्या बाजूला पुढून मागेपर्यंत टकटक पकडत गेलं. उजवीकडे दाराखाली मधोमध आलं आणि हातातून निसटून खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. साधारण दीड वीत जागा. खाली झोपलो. पडवीच्या त्या बाजूला पन्हाळ फुटलेली आहे, दर पावसाळ्यात पाणी नेमकं तिथेच येत असणार, फरशीवर हिरवा पट्टा आहे. ताईंना विचारून स्क्रू ड्रायव्हर दाबला. आवाज न करता मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढला तर पापडासारखे तांबडे पापुद्रे आणि ओली माती हातावर आली. ताई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "बाबा दरवर्षी ती पन्हाळ दुरुस्त करायची म्हणायचे."

जॅक लावला. डावीकडे फट हलली नाही. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात थोडी मिटली, पण दार उघडलं, घासलं नाही.

इंजिनाची पट्टी १८जीबी, आरसीशी जुळली. चासी जीएचएन३, पुढे एल नाही. लष्करवाले, तुम्ही म्हणालात तसा मिस्त्री पण मिळाला. छावणीजवळ त्यांचं छोटं दुकान आहे, आम्ही त्यांना उस्ताद म्हणतो. ते बरोबर आले होते. प्लग काढले, तेल घातलं आणि आज सकाळी पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू फिरवलं तर फिरलं. पाना एएफ मापाचा, म्हणजे इंचातला, स्वतः घेऊन आले होते. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसतो असं वाटतं, पण कोपरे खाऊन टाकतो, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. मला तिथेच विश्वास बसला.

आता उजवी सिल. घ्यावी की सोडावी?

जुना हेराल्ड (बडोदा)

घ्या.

एक बाजू गेलेली आहे, दुसरी धड आहे आणि नुकसानाचं कारण दिसतं आहे, पन्हाळ. याला मी चांगली गाडी म्हणतो. दोन्हीकडून थोडी थोडी खाल्लेली आणि लांबीने झाकलेली गाडी याहून वाईट. किंमत मात्र त्या कामाचे पैसे वजा करूनच बोला, आणि ताईंना पापुद्रे दाखवलेतच तर त्यांनाही पटेल.

आता काम कसं करायचं ते उस्तादांना आणि वेल्डिंगवाल्याला दोघांनाही समजावा, कारण इथेच गाड्या मरतात. जुनी सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत पुढून मागे भक्कम लोखंडी पाइप टाचून घ्यायचा. दार लावून फटी बघायच्या, मगच टाचायचा. गाडी सपाट आधारावर, पुढे-मागे टेकू. पाइप न लावता सिल कापली तर गाडी मध्ये दोन सूत बसते, नवी सिल त्या बसलेल्या मापावर वेल्ड होते आणि मग जन्मभर दार लागत नाही. गॅस वेल्डिंग नको, पत्रा तापून वाकतो. सीओटू वेल्डिंग, तेही टप्प्याटप्प्याने, एक इंच इकडे, एक इंच तिकडे. आणि फक्त बाहेरचा पत्रा चढवून देतो असं कोणी म्हणालं तर नम्रपणे गाडी परत आणा. चारही थर बदलले पाहिजेत.

पत्रे विलायतेतून मागवावे लागतील, पण मिळतात, आणि बरोबर मापाचे मिळतात. तिथे एमजीबीची अख्खी नवी बॉडी १९८८ पासून मूळ साच्यांवर बनते आहे. पाच लाखांवर बनलेली गाडी, सुट्या भागांना तोटा नाही. आपल्याला वजन आणि कस्टम ड्युटी मात्र मोजावी लागते, म्हणून सगळी यादी करून एकदाच मागवा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

त्याच पार्सलमध्ये ब्रेक आणि क्लचचे सगळे रबरी होस आणि सील टाका. जुने होस बाहेरून ठीक दिसतात, आतून फुगून भोक बुजतं. ब्रेक लागतो, सुटत नाही.

पेट्रोलचं विचारलं होतंत. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी धरतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळी नळी इथेनॉलला टिकणारी घ्या, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या नीडलचं टोक विटॉनचं (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं) घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामं करून ठेवा. हेड उघडाल तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि ही इंजिनं त्या शिशावर भरवसा ठेवून बनलेली आहेत.

रामबागकर (इंदूर)

साडेचार महिन्यांनी येतोय, माफ करा. गाडी घेतली. चिमणबाग ताई, फॉर्म ३१ चं वेळेवर सांगितलंत, फार उपकार झाले. बंगल्याच्या ताईंच्या भावाची सही पुण्याहून मागवली, सगळं त्या इथे असतानाच उरकलं.

सिल झाली. पाइप टाचूनच झाली. वेल्डिंगवाल्याने पाइप काढला तेव्हा मी श्वास धरून दार लावलं आणि ते एका बोटाने लागलं.

एक नुकसान झालं, ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांच्याऐवजी बारा व्होल्टची एक लहान बसवायला गेलो. बॅटरीच्या दुकानातल्या मुलाने रोजच्या सवयीने निगेटिव्ह तार बॉडीला लावली. या गाडीत पॉझिटिव्ह बॉडीला असतो. मी पाणी प्यायला गेलो होतो, तेवढ्यात झालं. आरपीएमचा काटा त्या क्षणी गेला. चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

वाईट वाटलं. म्हणूनच माझं मत असं की आता निगेटिव्ह अर्थ करून टाका. काटा उघडणारच आहे, त्यातली जोडणी उलट करून घेता येते. कॉइलच्या दोन तारा बदलायच्या, आणि डायनॅमोला नवा ध्रुव द्यायचा: एफ टर्मिनलची तार काढून, बॅटरीच्या जिवंत टोकाची तार क्षणभर तिथे टेकवायची, ठिणगी उडते, झालं. पुढे कोणी जम्पर लावला तरी धोका नाही. १९६७ च्या अखेरीस कारखान्यानेच निगेटिव्ह केलं होतं.

जुना हेराल्ड (बडोदा)

मी सहमत नाही. गाडी साठ वर्षं जशी आहे तशी राहिली, ती एका दुकानातल्या सवयीसाठी बदलू नये. झाकणावर लाल रंगाने मोठ्ठं "पॉझिटिव्ह अर्थ" लिहा आणि बॅटरीला दुसऱ्याचा हात लागू देऊ नका. जानेवारी २०२३ ला इथे लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तिथे तीन दिवस फिरलो. माझे पाय जास्त वेळ थांबले ते जशाच्या तशा ठेवलेल्या गाड्यांपाशी. पण निर्णय तुमचा.

रामबागकर (इंदूर)

काका, तसंच ठेवतोय. लाल रंगाने लिहिलं, देवनागरीत.

काल कार्ब्युरेटर लावले. उस्तादांनी कसं केलं ते लिहून ठेवतो, पुढे कोणाला उपयोगी पडेल. आधी किल्ली फिरवली, मागच्या चाकाजवळ पेट्रोल पंप टकटक करायला लागला, टकटक मंदावली आणि थांबली. "थांबला म्हणजे भरला. थांबला नाही तर गळती शोधायची," उस्ताद म्हणाले. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरच्या टोप्या काढून आत इंजिन ऑइल घातलं, पोकळ दांड्याच्या अर्धा इंच वर येईल एवढं. खालचा जेटचा सहा पैलूंचा नट पूर्ण वर, मग बारा पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली. इंजिन तापल्यावर त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या, आणि दोन्हीकडची सुसू सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत राहिले. डोळे मिटलेले. मग पिस्टन किंचित उचलून बघितला. इंजिन जोरात धावून तसंच राहिलं तर पेट्रोल जास्त, बंद पडायला लागलं तर कमी. थोडं वाढून परत आपल्या जागी आलं की बरोबर. पुढच्याला दोन पैलू लागले, मागच्याला एक. मग मला नळी दिली आणि म्हणाले, "आता तुम्ही ऐका, मी किती दिवस येणार."

आज सकाळी जाम गेटपर्यंत गेलो आणि परत आलो. महूत ताईंचा बंगला विकला गेलाय, फाटक नवं आहे. तिथे पाच मिनिटं थांबलो.

एक अडचण: उजव्या मागच्या चाकाचा दोन कानांचा नट हलत नाही. लोखंडी हातोडीने मारायचं धाडस होत नाही, क्रोम उडेल.

जुना हेराल्ड (बडोदा)

मारूच नका. नटावर बाणाशेजारी 'अनडू' कोरलेलं असेल, त्याच दिशेने. डाव्या-उजव्या बाजूच्या आट्या उलट असतात, म्हणून त्या नटांची अदलाबदल कधी करू नका, चालत्या गाडीत चाक सुटतं. आत दातेरी तोंडावर ग्रीस सुकलं असेल. माझ्याकडे तांब्याच्या तोंडाची हातोडी आहे, पूर्वी इथल्या एका एमजीवाल्याने दिलेली. हेराल्डला तिचा उपयोग नाही. पत्ता निरोपातून कळवा, उद्याच्या पार्सलने पाठवतो.